मिनिटांचा दंड, मीटरांचा दंड

अलेक्सांदर तिखोनोवच्या नावावर हिवाळी ऑलिम्पिकची ४ सुवर्णपदके आहेत. १९६८ मध्ये ग्रनोबल, १९७२ मध्ये साप्पोरो, १९७६ मध्ये इन्सब्रुक आणि १९८० मध्ये लेक प्लॅसिड. सलग चार हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण मिळवणारा तो पहिला खेळाडू. एवढे लिहून झाले की त्याच्यावरच्या बहुतेक मजकुरात एक ‘पण’ येतो. पण ही चारही सुवर्णे रिलेची, म्हणजे चौघांनी मिळून जिंकलेली. एकट्याच्या शर्यतीत त्याला ऑलिम्पिकमध्ये मिळाले ते एकच रौप्य, तेही पहिल्याच खेपेस, वयाच्या २१व्या वर्षी. मग या माणसाला बायॅथलॉनच्या पहिल्या पंक्तीत बसवायचे, की बलाढ्य सोविएत संघाच्या पंगतीत वेळेवर पान मिळालेला नशीबवान म्हणून सोडून द्यायचे? या लेखाचे म्हणणे असे की तो ‘पण’ चुकीच्या जागी पडला आहे. तिखोनोवच्या पदकांमधली ती रिकामी जागा त्याच्या खेळाबद्दल थोडेच सांगते. त्या काळच्या ऑलिम्पिकने त्याला कोणता प्रश्न विचारला आणि किती वेळा विचारला, याबद्दल मात्र पुष्कळ सांगते. हे पटवायचे तर आधी या खेळातला हिशेब समजून घ्यावा लागतो, कारण बायॅथलॉनमध्ये जिंकणे-हरणे जितके बर्फावर ठरते तितकेच नियमांच्या पुस्तकातही ठरते.

बायॅथलॉन म्हणजे पाठीला रायफल बांधून बर्फावरून स्कीइंग करायचे आणि मधेच थांबून नेमबाजी करायची. दोन खेळ जोडले की तिसरा तयार होतो, इतके ते सरळ नाही. हे दोन्ही खेळ एकमेकांचे वैरी आहेत. लांब पल्ल्याच्या स्कीइंगमध्ये पाय, हात, फुप्फुसे सगळी एकदम कामाला लागतात. खेळाडू नेमबाजीच्या जागी येतो तेव्हा त्याच्या नाडीचे ठोके मिनिटाला १७०-१८०च्या घरात असतात, छाती भात्यासारखी वरखाली होत असते. आणि नेमक्या त्याच क्षणी त्याने मूर्तीसारखे स्थिर व्हायचे, श्वास अर्ध्यावर रोखायचा आणि चाप ओढायचा. एकदा पोटावर झोपून, एकदा उभ्याने. आज ५० मीटरवर जे निशाण असते ते झोपून मारताना ४५ मिलिमीटरचे, म्हणजे लिंबाएवढे, आणि उभ्याने मारताना ११५ मिलिमीटरचे असते. जो जोरात पळत येतो त्याचा हात जास्त थरथरतो. जो हात स्थिर राहावा म्हणून शेवटच्या चढावर सबुरीने घेतो तो घड्याळात मागे पडतो. प्रत्येक खेळाडूला या दोहोंमधला आपला सौदा आपणच ठरवावा लागतो. तो सौदा फायद्याचा की तोट्याचा, हे अवलंबून असते चुकलेल्या गोळीची किंमत काय लावली आहे यावर.

ही किंमत दोन प्रकारे वसूल केली जाते आणि माझ्या युक्तिवादाची सगळी मदार या फरकावर आहे. पहिला प्रकार मिनिटांचा. नेम चुकला की एकूण वेळेत ठरावीक मिनिटे मिळवायची. खेळाडू वाऱ्यासारखा धावो की गोगलगायीसारखा, दंड सर्वांना सारखा. दुसरा प्रकार मीटरांचा. नेम चुकला की बाजूला आखलेली दंडाची फेरी, साधारण १५० मीटरची, जास्तीची धावायची. ती धावायला किती वेळ लागेल ते ज्याच्या त्याच्या पायांवर. पहिल्या प्रकारात चुकीची भरपाई पायांनी करता येते, पण चूक स्वस्त करता येत नाही. दुसऱ्या प्रकारात वेगवान माणसाला तीच चूक थोडी स्वस्त पडते. २० किलोमीटरची वैयक्तिक शर्यत, म्हणजे या खेळातली सर्वांत जुनी शर्यत, पहिल्यापासून मिनिटांच्या दंडावर चालत आली आहे. बायॅथलॉन ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आले ते १९६० मध्ये अमेरिकेतल्या स्क्वॉ व्हॅलीत, आणि तेव्हा एका चुकलेल्या गोळीला २ मिनिटे पडत. स्वीडनचा क्लास लेस्टांडर नुसत्या धावण्यात १५वा होता, पण त्याने २०च्या २० गोळ्या लावल्या आणि सुवर्ण नेले. फ्रान्सचा व्हिक्टर आर्बेझ धावण्यात सर्वांत पुढे होता. त्याचे १८ नेम चुकले, म्हणजे ३६ मिनिटांचा दंड झाला, आणि त्याचे नाव यादीत कुठेतरी खाली गेले. ऑलिम्पिकमधला पहिलाच निकाल असे सांगत होता की ही शर्यत नेमबाजाची आहे. पाय हवेत, पण ते दुय्यम.

तिखोनोव या शर्यतीत आला तो पायांचा माणूस म्हणून. २ जानेवारी १९४७ रोजी उरल भागातल्या चेल्याबिन्स्क प्रांतात उयस्कोये या गावी त्याचा जन्म झाला. मुळात तो स्कीपटू. रायफल हाती आली ती नंतर, आणि त्याची कारकीर्द पुढे बांधली गेली सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कशी. १९६८च्या फेब्रुवारीत ग्रनोबलला २० किलोमीटरच्या शर्यतीत त्याची गाठ पडली नॉर्वेच्या माग्नार सोलबर्गशी. सोलबर्ग पेशाने पोलीस, वय ३१, आणि नेमबाजीसाठी त्याने केलेल्या तयारीच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. मुंग्यांच्या वारुळावर पोट टेकून तो सराव करी, म्हणजे अंगावर काहीही चालले तरी डोळा निशाणावरून हलू नये. शर्यतीत सोलबर्गचा एकही नेम चुकला नाही. त्याची वेळ होती १ तास १३ मिनिटे ४५.९ सेकंद. तिखोनोवची १ तास १४ मिनिटे ४०.४ सेकंद, पण यात २ मिनिटे दंडाची. दंड वजा केला तर २१ वर्षांचा हा मुलगा ३१ वर्षांच्या विजेत्यापेक्षा ६५.५ सेकंद लवकर आला होता. सुवर्ण हुकले ते ५४.५ सेकंदांनी. दंडाचे वजन निम्मे असते तर निकाल साडेपाच सेकंदांनी उलटा लागला असता.

इथे कुणीही हात वर करून विचारील, आणि विचारावेच, की हे ‘असते तर’ कशाला? नियम सोलबर्गलाही तेच होते. त्यातही एक बारीक मुद्दा आहे. दंड हलका असता तर सोलबर्गनेही वेगळा सौदा केला असता. नेमबाजीत इतका वेळ घालवण्याऐवजी त्याने चापावर लवकर बोट ठेवले असते, चढावर जास्त जोर लावला असता. नियम बदलून जुन्या शर्यतीचा निकाल नव्याने मांडता येत नाही, कारण नियमाबरोबर खेळणारेही बदलतात. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. सोलबर्गचे सुवर्ण सोलबर्गचेच; चार वर्षांनी साप्पोरोला त्याने ते पुन्हा जिंकून तो योगायोग नव्हता हेही दाखवून दिले, आणि त्या वेळी २ मिनिटे दंड झाला असूनही जिंकले. तिखोनोव तिथे चौथा आला. पुढे १९७६ मध्ये इन्सब्रुकला तो पाचवा आला आणि सुवर्ण त्याच्याच संघातल्या निकोलाय क्रुग्लोवने नेले. म्हणजे कुणी त्याच्यावर अन्याय केला, अशी तक्रार मांडायला इथे जागाच नाही. माझे म्हणणे त्याहून मर्यादित आहे. ऑलिम्पिकमधली २० किलोमीटरची शर्यत तिखोनोवच्या दुबळ्या बाजूवर बोट ठेवणारी होती, आणि तीच एकटी शर्यत ऑलिम्पिकने त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा ठेवली. ग्रनोबल, साप्पोरो आणि इन्सब्रुक या तिन्ही ठिकाणी बायॅथलॉनची वैयक्तिक शर्यत एकच होती. एकाच विषयाचा पेपर तीनदा देऊन जो विद्यार्थी पहिला येत नाही, त्याला इतर विषय येत नाहीत असे गुणपत्रिकेवरून ठरवता येत नाही.

इतर विषय त्याला येत होते का, हे तपासायला जागतिक अजिंक्यपदाच्या नोंदी आहेत. तिथे तिखोनोवच्या नावावर ११ सुवर्णे आहेत: ६ रिलेची आणि ५ वैयक्तिक. या पाचांतली तीन त्याच २० किलोमीटरची, मिनिटांच्या दंडाची: १९६९ मध्ये पोलंडमधल्या झाकोपाने इथे, १९७० मध्ये स्वीडनमधल्या ओस्टरसुंडला आणि १९७३ मध्ये लेक प्लॅसिडला. ज्याला नेम धरता येत नाही असा माणूस ही शर्यत तीनदा जिंकू शकत नाही. तेव्हा ‘पाय होते, डोळा नव्हता’ हा सोपा निकाल इथेच मोडतो. डोळा होता, तो दरवेळी साथ देत नसे, इतकेच. उरलेली दोन सुवर्णे जास्त बोलकी आहेत. १९७४च्या अजिंक्यपदात १० किलोमीटरची स्प्रिंट शर्यत सुरू झाली. तिच्यात दोनदाच नेमबाजी आणि चुकीला दंडाची फेरी. दंड मिनिटांतून मीटरांत आला. तिखोनोवने ही शर्यत १९७६ मध्ये इटलीतल्या अँथोल्झला जिंकली आणि १९७७ मध्ये लिलेहॅमरला पुन्हा जिंकली. यातले १९७६ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते इन्सब्रुक ऑलिम्पिकचे साल. ऑलिम्पिकच्या कार्यक्रमात स्प्रिंट नव्हती, म्हणून तिचे जागतिक अजिंक्यपद वेगळे अँथोल्झला भरवले गेले. ज्या हिवाळ्यात इन्सब्रुकने त्याला पाचव्या क्रमांकावर ठेवले, त्याच हिवाळ्यात तो स्प्रिंटचा जगज्जेता होता. खेळाडू तोच आणि रायफलही तशीच. फरक होता तो शर्यतीच्या पल्ल्यात आणि दंडाच्या मापात.

ऑलिम्पिकमध्ये स्प्रिंट आली ती १९८० मध्ये. तेव्हा तिखोनोव ३३ वर्षांचा होता आणि वैयक्तिक पदक त्याच्या हाती लागले नाही; सुवर्ण पूर्व जर्मनीच्या फ्रांक उलरिशने नेले. पाठलागाची शर्यत ऑलिम्पिकमध्ये यायला २००२ उजाडले, सर्वांनी एकदम सुटायची शर्यत २००६ मध्ये आली आणि स्त्री-पुरुषांची मिश्र रिले २०१४ मध्ये. नॉर्वेच्या ओले एइनार ब्यॉर्नडालेनच्या नावावर ८ ऑलिम्पिक सुवर्णे आहेत, त्यांतली ५ वैयक्तिक. एकट्या २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला त्याने ४ शर्यती जिंकल्या. ब्यॉर्नडालेनची थोरवी याने कमी होत नाही, पण त्याची ८ आणि तिखोनोवची ४ एकाच तागडीत टाकून तोलणे म्हणजे दोन वेगवेगळ्या बाजारांतले भाव एकमेकांशी लावणे. एका ऑलिम्पिकमध्ये ब्यॉर्नडालेनला जितक्या वैयक्तिक संधी मिळत, तितक्या तिखोनोवला तीन ऑलिम्पिक मिळून मिळाल्या. यावर कुणी म्हणेल की तेव्हा स्पर्धाही कमी होती. मोजके देश, मोजके खेळाडू, त्यामुळे जिंकणे सोपे. तेही खरे आहे. पण हा मुद्दा मान्य केला तर तो दोन्हीकडून मान्य करावा लागतो. एका काळात पदक मिळवणे सोपे होते आणि पदके मुळात थोडीच होती. दुसऱ्या काळात मिळवणे अवघड झाले आणि पदके वाढली. दोन्ही बाजू सांगितल्या की उरते एवढेच, की पदकांच्या बेरजेने दोन काळ एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

आता रिलेकडे वळू, कारण ‘पण’ या शब्दामागचा खरा तुच्छभाव तिथे आहे. चौघांच्या संघाचे सुवर्ण म्हणजे पाव सुवर्ण, असा एक न बोललेला हिशेब असतो. रिलेत प्रत्येकाने साडेसात किलोमीटर धावायचे, दोनदा नेमबाजी करायची आणि पुढच्याला स्पर्श करून शर्यत त्याच्या हाती द्यायची. प्रत्येक वेळी ५ निशाणांसाठी ५ गोळ्या असतात आणि त्याखेरीज ३ राखीव. या राखीव गोळ्यांमुळे रिले हा दयाळू प्रकार आहे असे वरवर वाटते. पण राखीव काडतूस रायफलमध्ये आपोआप चढत नाही. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी ते एक एक करून हाताने भरावे लागते. शेजारच्या पट्ट्यावरचा प्रतिस्पर्धी तेवढ्यात रायफल पाठीला लावून निघून गेलेला दिसतो. २० किलोमीटरच्या शर्यतीत खेळाडू ठरावीक अंतराने एकेकटे सुटतात. तुम्ही कितवे आहात हे नेम धरताना दिसत नाही आणि ते बरेच असते. रिलेत सगळे दिसते. शिवाय चूक स्वतःपुरती राहत नाही. राखीव गोळ्याही वाया गेल्या तर दंडाची फेरी धावायची, आणि तिचा भुर्दंड पुढच्या तिघांनी फेडायचा. या शर्यतीत वेगवान पायांचा उपयोग आहे, कारण दंड मीटरांत आहे. आणि नसांवरचा ताण एकट्याच्या शर्यतीहून जास्त आहे, कारण भीती दुसऱ्याची कमाई बुडवण्याची आहे. वेग, नेम आणि निबरपणा या तिन्हींची एकदम परीक्षा जर कुठे होत असेल तर ती इथे. तिखोनोव त्या परीक्षेत चार ऑलिम्पिकमध्ये एकदाही कमी पडला नाही.

याला उत्तर म्हणून जो आक्षेप येतो तो सर्वांत वजनदार आहे. सोविएत संघाने ही रिले १९६८ ते १९८८ अशी सलग ६ ऑलिम्पिकमध्ये जिंकली. म्हणजे तिखोनोव निवृत्त झाल्यावरही दोनदा. इन्सब्रुकला तर त्यांनी दुसऱ्या क्रमांकाच्या फिनलंडला पावणेचार मिनिटांहून अधिक मागे टाकले होते. एवढे अंतर असेल तर चौघांतला कुणीही एक बदलला असता तरी सुवर्ण आलेच असते. मग एकट्या तिखोनोवचे कौतुक कसले, यंत्राचे करा. यंत्र होते, यात वाद नाही. पण त्या यंत्राच्या आत शिरून मोजणी केली तर वेगळे चित्र दिसते. १९६८ ते १९८० या चार रिलेंमध्ये मिळून १६ जागा होत्या. त्या भरल्या ११ माणसांनी. ग्रनोबलला तिखोनोवबरोबर निकोलाय पुझानोव, विक्टर मामातोव आणि व्लादिमीर गुंदार्त्सेव होते. साप्पोरोला मामातोव राहिला, रिन्नात साफिन आणि इव्हान ब्याकोव नवे आले. इन्सब्रुकला ब्याकोव राहिला, अलेक्सांदर एलिझारोव आणि क्रुग्लोव आले. लेक प्लॅसिडला व्लादिमीर आलिकिन, व्लादिमीर बार्नाशोव आणि अनातोली अल्याब्येव हे तिघेही नवे. मामातोव आणि ब्याकोव दोनदा, उरलेले आठ जण एकेकदाच. चारही याद्यांमध्ये नाव आहे ते एकाचेच.

हा आकडा नीट वाचायला हवा. जिथे पर्यायी माणूस तयार नसतो अशा लहान देशाच्या संघात बारा वर्षे टिकणे ही एक गोष्ट. जिथे इन्सब्रुकचा ऑलिम्पिक विजेता क्रुग्लोव पुढच्या खेपेला चौघांत दिसत नाही, अशा संघात बारा वर्षे टिकणे ही अगदी दुसरी. सोविएत यंत्र जितके बलाढ्य मानाल, तितकी त्यात आपली जागा राखणे अवघड मानावे लागेल. आक्षेप घेणारा ज्या गोष्टीला तिखोनोवविरुद्धचा पुरावा समजतो ती खरे तर त्याच्या बाजूची आहे. त्यात त्याला दिलेल्या जागांचीही भर घाला. ग्रनोबल आणि साप्पोरोला तो पहिल्या टप्प्यावर होता, जिथे सगळे देश एकदम सुटतात, धक्काबुक्की होते आणि घाईत नेम बिघडण्याचा धोका असतो. इन्सब्रुकला तो शेवटच्या टप्प्यावर होता, जिथे साथीदारांनी कमावलेले हाती येते आणि ते सांभाळून आणायचे असते. लेक प्लॅसिडला दुसऱ्या टप्प्यावर. प्रशिक्षक ज्याला सोयीपुरते ठेवतो त्याला सहसा एकच सुरक्षित जागा देतो. ज्याला गरज पडेल तिथे लावता येते, तो त्या संघाचा भरवशाचा माणूस असतो.

या बारा वर्षांत त्याच्या हातातले हत्यारही बदलले. १९७७ पर्यंत बायॅथलॉनपटू सैनिकी धर्तीची मोठ्या काडतुसाची रायफल वापरत आणि १५० मीटरवर नेम धरत. खांद्याला बसणारा धक्का, आवाज, वजन, सगळेच मोठे. १९७८ पासून पॉइंट टू-टूची लहान रायफल आली आणि अंतर ५० मीटरवर आले. नेमबाजीचे कसब मुळापासून नवे शिकावे लागावे असा हा बदल होता. तिखोनोवची पाचही वैयक्तिक जागतिक अजिंक्यपदे जुन्या रायफलची आहेत. नवी आली तेव्हा तो तिशी ओलांडून गेला होता, आणि वैयक्तिक शर्यतींत त्याचा दबदबा त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही, हे मान्य करायला हवे. तरी १९८०च्या चौघांत तो होता. अफगाणिस्तानात सोविएत फौजा शिरून जेमतेम दोन महिने झाले होते, अमेरिकेत सोविएत खेळाडूंकडे पाहण्याची नजर बर्फापेक्षा थंड होती, आणि लेक प्लॅसिडच्या उद्घाटनाला सोविएत ध्वज तिखोनोवच्या हाती होता. त्या दिवसांत अमेरिकेच्या तरुण हॉकी संघाने सोविएत संघाला हरवले आणि जगाच्या आठवणीत लेक प्लॅसिड त्या एका सामन्यापुरते उरले. रिलेत मात्र उलरिश असलेल्या पूर्व जर्मनीवर सोविएत चौकडीने मिनिटभरापेक्षा कमी अंतराने मात केली. इन्सब्रुकचे पावणेचार मिनिटांचे अंतर चार वर्षांत मिनिटाच्या आत आले होते. ‘कुणीही चालले असते’ हा आक्षेप इन्सब्रुकला लागू पडत असेलही. लेक प्लॅसिडला तो टिकत नाही.

काही आक्षेप खेळाच्या बाहेरचे आहेत आणि तेही टाळू नयेत. सोविएत खेळाडू नावापुरते हौशी होते. सैन्य, पोलीस यांच्याशी जोडलेल्या क्रीडासंस्था त्यांना पोसत आणि वर्षभर सराव हेच त्यांचे काम असे. नॉर्वेच्या नोकरदार खेळाडूशी त्यांची बरोबरी समान पायावर नव्हती. हे खरे आहे, आणि म्हणूनच सोलबर्गची दोन सुवर्णे मला जास्त मोलाची वाटतात. पण पूर्व जर्मन खेळाडूही सरकारी यंत्रणेतलेच होते, आणि ही सवलत संघातल्या प्रत्येकाला मिळत असल्यामुळे तिखोनोव त्या प्रत्येकाहून जास्त का टिकला, याचे उत्तर तिच्यात सापडत नाही. दुसरा प्रश्न उत्तेजकांचा. पुढच्या पिढ्यांतल्या काही रशियन बायॅथलॉनपटूंची ऑलिम्पिक पदके काढून घेतली गेली. तिखोनोवची सर्व पदके त्याच्या नावावर कायम आहेत. मात्र त्या काळची तपासणी आजच्या मानाने अगदीच प्राथमिक होती, तेव्हा या बाबतीत सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही देशाच्या खेळाडूबद्दल छातीठोक बोलण्यात अर्थ नाही. तिसरा प्रश्न निवृत्तीनंतरच्या वागण्याचा. तो रशियन बायॅथलॉन संघटनेचा अध्यक्ष झाला, आंतरराष्ट्रीय संघटनेचा उपाध्यक्षही झाला. आणि २००७ मध्ये केमेरोवो प्रांताचे राज्यपाल अमान तुलेयेव यांच्या हत्येच्या कटात न्यायालयाने त्याला दोषी ठरवून ३ वर्षांची शिक्षा सुनावली, जी माफीमुळे त्याला भोगावी लागली नाही. माणसाचा गौरव करायचा असेल तर हे पान उलटून पुढे जाता येणार नाही. पण खेळाडूची कारकीर्द मोजणे आणि माणसाला थोर म्हणणे ही दोन वेगळी कामे आहेत. या लेखाने पहिलेच अंगावर घेतले आहे. एकाचा निकाल दुसऱ्यात मिसळला की खेळाचे मोजमापही बिघडते आणि न्यायाचेही.

शेवटी एक प्रसंग, जो बायॅथलॉनच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितला जातो. साप्पोरोच्या रिलेत पहिल्या टप्प्यावर तिखोनोवची एक स्की मोडली. एका स्कीवर तो काही अंतर कसाबसा सरकत राहिला, आणि मग वाटेत उभ्या असलेल्या पूर्व जर्मनीच्या डीटर श्पेअरने त्याला स्की दिली. श्पेअर काही प्रेक्षक नव्हता. त्याच शर्यतीत तो आपल्या देशासाठी तिसरा टप्पा धावणार होता. सोविएत संघाला सुवर्ण मिळाले. फिनलंडला रौप्य, आणि पूर्व जर्मनीचे रौप्य वीसेक सेकंदांनी हुकून कांस्य हाती आले. हा प्रसंग माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध वापरता येईल. ज्याचे सुवर्ण प्रतिस्पर्ध्याच्या स्कीवर आले आणि त्यापुढे साफिन, ब्याकोव, मामातोव यांनी ते ओढून नेले, त्या सुवर्णात त्याचे स्वतःचे असे किती? मला वाटते, हा प्रश्न विचारला की मोजणीची सवयच उघडी पडते. साप्पोरोच्या त्या पदकाचे चार किंवा पाच वाटे करता येत नाहीत. श्पेअरची स्की नसती तर ते आले नसते, साथीदार नसते तर आले नसते, आणि मोडक्या स्कीवर थांबून न जाता पुढे सरकत राहणारा माणूस पहिल्या टप्प्यावर नसता तरीही आले नसते. सोलबर्गने एकट्याने जिंकलेली दोन सुवर्णे आणि तिखोनोवने अकरा जणांत वाटून घेतलेली चार, यांत मोठे कोण हे ठरवणारे माप या खेळाकडे नाही, कारण त्या शर्यतीच मुळात दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. एक मोजते माणूस किती कमी चुकतो. दुसरी मोजते चुकल्यावर, मोडल्यावर, मागे पडल्यावर तो पुढच्याच्या हाती काय देतो. १९६८ ते १९८० या काळात तिखोनोवच्या नंतर ज्याची पाळी होती, त्या प्रत्येकाला त्याच्याकडून जिंकता येण्याजोगी शर्यत मिळाली. त्याच्या कारकिर्दीचा ताळेबंद मांडायचा तर पहिली ओळ ही असावी. वैयक्तिक सुवर्णाची रिकामी जागा तिच्याखाली जरूर नोंदवावी, आणि शेजारी लिहावे की त्या काळी दंड मिनिटांत घेतला जात असे.